कोल्हापुरात जुनी गाडी घेऊन तिला पळती करायची असेल तर

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशिनशॉपवर मी गेली सोळा वर्षं काम करतोय. हेड फेसिंग (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याची खालची बाजू सपाट करणं), ब्लॉक बोरिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग ही रोजची कामं. आमच्याकडे इंजिनं येतात ती उघडलेलीच येतात. हल्ली त्यात एक प्रकार फार वाढलाय. वीस-बावीस वर्षांचं पोरगं दोन-तीन लाख साठवून जुनी गाडी घेतं, पहिल्या महिन्यात सायलेन्सर, फिल्टर आणि मोठी अलॉय चाकं लावतं, आणि तिसऱ्या महिन्यात हेड पोत्यात गुंडाळून आमच्या दारात उभं राहतं. तोवर खिसा रिकामा झालेला असतो. त्या पोरांकडे बघून जीव तुटतो, कारण नाद खरा असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम.

त्यांना जे दारात उभं राहून सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय. हलकी, साधी, आधी कुणी हात न लावलेली आणि निरोगी गाडी घ्या, आणि निम्मे पैसे खिशातच ठेवा. बाकी सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आधी पैशाची वाटणी

समजा तुमच्याकडे तीन लाख आहेत. गाडीवर दीड, फार तर पावणेदोन लाख घाला. जुनी गाडी घरी आली की ती आधी तिचं देणं मागते. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, रेडिएटरचे पाइप, क्लच प्लेट, इंजिन माउंटिंग, लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर), ही सगळी कामं मागच्या मालकाने विकायची म्हणून पुढे ढकललेली असतात. त्यावर चाळीस-पन्नास हजार धरून चाला. तेवढेच टायर आणि ब्रेकला ठेवा. विमा आणि नावावर करायचा खर्च वेगळा. यातून जे उरेल ते वेगाचे पैसे. ते कमी वाटतील, पण या आधीच्या कामांशिवाय घातलेला वेगाचा पैसा इंजिनाच्या जिवावर बेततो.

या नादासाठी कर्ज काढू नका. हप्ता चालू असताना क्लच गेला की गाडी सहा महिने दारात झाकून राहते. अशा झाकलेल्या गाड्या मी राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत बघितल्यात.

कुठली गाडी

एकच हिशेब शिका: इंजिनाची ताकद भागिले गाडीचं वजन. शेवटच्या काळातल्या मारुती एस्टीमचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं इंजिन ८५ अश्वशक्तीचं, आणि गाडी पावणेनऊशे किलोच्या आसपास. म्हणजे टनाला साधारण ९७ अश्वशक्ती. आता पोलो जीटी टीएसआय घ्या: ताकद १०५, वजन अकराशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला ९५. कागदावर दोघी शेजारी बसतात. पोलोच्या टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) कमी आरपीएमवरचा ओढा कितीतरी जास्त आहे, रस्त्यावर तिचा पिकअप वेगळाच लागतो, हे खरं. पण हलकेपणाची किंमत काय असते ते या आकड्यांतून कळतं. आपल्या देशातल्या रॅली आणि सर्किट रेसिंगमध्ये एस्टीम इतकी वर्षं टिकली ती याच जोरावर.

नवख्या माणसाला मी पहिली सुचवतो ती २००५ ते २०१० मधली पेट्रोल स्विफ्ट, १.३ लिटरची. इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं, ८७ अश्वशक्तीचं, गाडी हजार किलोच्या आसपास, आणि बॉडी एस्टीमपेक्षा खूपच घट्ट. वळणावर ती विश्वास देते. पार्ट कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळतो, आणि हे इंजिन न उघडलेला मिस्त्री गावात सापडणार नाही. २०१० नंतरची १.२ वाईट नाही, पण मला स्वतःला १.३ च जास्त आवडते. वरच्या आरपीएमला ती मोकळी पळते.

२००३ च्या आधीची होंडा सिटी १.५ व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची, अजूनही अनेकांच्या स्वप्नात आहे. चांगली मिळाली तर सोडू नका. मात्र आज बाजारात असलेल्यांपैकी बहुतेक गाड्या आधीच कुणीतरी पिळून काढलेल्या आहेत. फोर्ड आयकॉन १.६ आणि फिएस्टा १.६ चालवायला फार गोड. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, त्यामुळे घेण्याआधी हवे ते पार्ट कुठून येणार ते दुकानात जाऊन विचारा. फियाटच्या पालिओ १.६ आणि लिनिया टी-जेट यांनाही तोच नियम. पार्टसाठी तीन आठवडे थांबायची तयारी असेल तरच.

डिझेलवाल्यांसाठी जुनी स्विफ्ट डीडीआयएस आहे: ७५ अश्वशक्ती, १९० न्यूटन मीटर ओढा. टर्बो असल्यामुळे नुसत्या रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, फरक जाणवतो. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात रिमॅपने फार काही हाती लागत नाही, चार-पाच अश्वशक्ती वाढली तरी पुष्कळ. टर्बोत जास्त हवा दाबता येते म्हणून तिथे फायदा दिसतो. मात्र वाढलेला ओढा जुनी क्लच प्लेट पेलत नाही, ती घसरायला लागते. तिचा खर्च आधीच धरा. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स तर २५० न्यूटन मीटरपर्यंतच बनवलेला आहे, आणि तो दुरुस्त करायचा खर्च ऐकला तर घाम फुटेल. पहिली गाडी म्हणून ती नको.

आणि आधी कुणी "मॉडिफाय" केलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. कापलेली वायरिंग, तोडलेल्या स्प्रिंगा, कुठलं तरी फिल्टर. त्यातलं काय निभावेल आणि काय जळेल हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शाळेतल्या गुरुजींनी बारा वर्षं वापरलेली, विटलेल्या सीटकव्हरांची कंटाळवाणी गाडी शोधा. ती सोनं आहे.

पुरातली गाडी ओळखा

आपल्याकडे गाडी बघताना हे सगळ्यात आधी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन महापूर आपण बघितले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हिनस कॉर्नर, कसबा बावड्याचा खालचा भाग इथे पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. सांगलीतही तेच, आणि २०२१ ला चिपळूणमध्येही. त्यातल्या बऱ्याच गाड्या धुऊन, सुकवून, नवीन कार्पेट टाकून बाजारात परत आल्या. त्या अजून फिरताहेत.

दोन वर्षांपूर्वी एका पोराबरोबर मी स्विफ्ट बघायला गेलो होतो. गाडी झकास. पांढरी, चकचकीत, आत अत्तराचा वास, इंजिन एका चावीत चालू. विकणारा चहा सांगत होता. मी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि हळूहळू शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा हात-दीड हात स्वच्छ काळा. मग गुंडाळीच्या आतला भाग बाहेर आला, आणि त्यावर एक सरळ तपकिरी रेघ, तिच्यापुढे पट्टा कडक, बोटाला पिठासारखी माती. कार्पेट बदलता येतं, सीट धुता येतात, पण बेल्टची गुंडाळी उघडून कुणी धूत नाही. त्या पोराने बेल्ट हातात घेऊन बघितला, आणि आम्ही चहा न घेता निघालो.

बेल्टनंतर स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा. सीटच्या रेलचे बोल्ट बघा; आतल्या बोल्टला गंज चढायचं एरवी कारण नाही. हेडलाइटच्या काचेच्या आत मातीचा थर आहे का? फ्यूज बॉक्स उघडा, पिना हिरवट पडल्या असतील तर गाडी तिथेच सोडा. पुराच्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, वायरिंग होत नाही. ती दर पावसाळ्यात नवा रोग दाखवते.

ट्रायल घेताना

गाडी थंड असताना बघायची. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, "मी सकाळी सातला येतो, गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं होतं असं समजा.

चालू करायच्या आधी ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधासारखा, सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जातंय. रेडिएटरचं झाकणही इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कधीच नाही. आत हिरवं किंवा लाल कूलंट हवं. नळाचं गढूळ, गंजकं पाणी दिसलं तर पुढचं ऐका.

आमच्याकडे येणाऱ्या हेडांपैकी निम्मी तरी याच पाण्याने मेलेली असतात. कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलं की आतले मार्ग क्षाराने भरतात, वॉटर पंपाचा पंखा गंजतो, आणि एका उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर जातो. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. आम्ही ते सरफेस प्लेटवर ठेवतो, त्यावर सरळपट्टी आडवी-तिरकी धरतो आणि मधून फिलर गेजचं पान सरकवून बघतो. पान ०.०५ मिमीचं. केसापेक्षा बारीक. ते मोकळं सरकलं की हेड फेसिंगला लावायचं. एवढ्याशा फटीतून सिलिंडरचा दाब पाण्यात जातो आणि हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट) उडतं. ज्या इंजिनातून जास्त ताकद काढायची आहे त्यात दाब आणखी वाढणार. म्हणून वेगाचा नाद असणाऱ्याने एअर फिल्टरच्या आधी रेडिएटर बघावा.

आता गाडी चालू करा, आणि मागे जाऊन धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हा त्यातल्या त्यात स्वस्त आजार. उतारावर गिअरमध्ये पाय सोडून गाडी येऊ द्या, मग एकदम ॲक्सिलरेटर दाबा. तेव्हा आरशात निळा भपका दिसला तर व्हॉल्व्ह सील गेलेत.

गाडी पसंत पडली की कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्या. मिस्त्रीला पाचशे-सातशे द्यावे लागले तरी द्या. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर त्या कमी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. विकणारा ही टेस्ट करू देत नसेल तर त्याला नमस्कार करून निघा.

बॉडीबाबत एकच सांगतो, बॉनेटखालचे दोन्ही ॲप्रन (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे) बघा. कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एकसारख्या अंतरावर असतात. तिथे गॅस वेल्डिंग किंवा जाड पुटी दिसली तर पुढून मोठी धडक बसलेली आहे. अशी गाडी सरळ पळत नाही, आणि वेगात तर नाहीच. दाराचे, डिकीचे ओरखडे सोडून द्या.

कागद

आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः बॅटरी मारून ताडून बघा. एमपरिवहन ॲपवर विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलन थकलंय का तेही बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी एमएच-०९ पासिंगची असेल तर काम सोपं. कर्नाटक पासिंगची स्वस्त गाडी निपाणी-बेळगावकडून आणायचा मोह होतो, पण एनओसी आणि इथला कर भरून ती महागच पडते. १५ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा व्हायला आलेल्या गाडीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर यांचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव करा.

कायदा काय म्हणतो

हे कडू आहे पण आधीच कळलेलं बरं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९. विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडकू शकतो, आणि समोरचा माणूस जखमी असेल तर ते ओझं तुमच्या घरावर येतं.

म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीत इंजिन बदलणं, मोकळा सायलेन्सर, चासी कापणं हे विसरा. गाडीच्या मापात बसणारे चांगले टायर, उत्तम ब्रेक पॅड, ताजे शॉकअप आणि निरोगी इंजिन यावरच गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते.

काम कुठून सुरू करायचं

पहिले हजार किलोमीटर काहीच बदलू नका. सर्व्हिस करा, ऑइल, कूलंट, प्लग, टायमिंग बेल्ट नवे घाला आणि चालवा. पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ज्या उसाच्या मळीतून त्यातलं काही इथेनॉल होतं तो आपल्याच शिवारातला आहे, पण जुन्या गाड्यांचे पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. ते हळूहळू फुगतात, भेगाळतात. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

मग टायर. बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांपुढचा टायर वेगाच्या कामाचा नाही, रबर कडक झालेलं असतं. कंपनीने सांगितलेल्या मापात, चांगल्या पकडीचे टायर घ्या. सतरा इंची जड अलॉय लावू नका. चाक जड झालं की गाडी उचलायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो, आणि आपल्या रस्त्यांवर रिम वाकतो ते वेगळंच.

टायरनंतर ब्रेक. यात मी स्वतः चुकलोय. माझी पहिली एस्टीम घेतली तेव्हा पैसे फिल्टर आणि हेडच्या कामावर घातले. गाडी सुंदर ओढायची. एका रविवारी पन्हाळ्याहून उतरताना वळणावळणाला ब्रेक मारत आलो, आणि वाघबीळच्या अलीकडे पेडल स्पंजासारखं मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते तळालाच गेलं. शेजारी माझा धाकटा भाऊ बसला होता. मी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. भाऊ काही बोलला नाही. चाकांतून जळका वास येत होता. नंतर कळलं की ब्रेक ऑइल कित्येक वर्षांचं जुनं होतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, ओलावा वाढला की उकळायचं तापमान खाली येतं, आणि उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. दोन-अडीचशे रुपयांच्या डॉट ४ च्या बाटलीचं काम होतं ते. तेव्हापासून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय मी घाट चढत नाही.

त्यानंतर शॉकअप आणि सगळे बुश. मग इंजिन ऐकायचं. डिझेल किंवा टर्बो पेट्रोल असेल आणि क्लच, रेडिएटर धडधाकट असतील तरच रिमॅपचा विचार, तोही नियम समजून घेऊन आणि कमी ताकदीचा. बिनटर्बो पेट्रोलमध्ये ते पैसे वाचवून पुढच्या गोष्टीवर घाला.

पळवायची कुठे

हायवेवर नाही, रंकाळ्याभोवती नाही, गगनबावड्याच्या घाटात तर नाहीच. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते, आणि सांडलेल्या उसावरून टायर साबणासारखा घसरतो. आपल्या शहराजवळ मोहितेंचा रेसिंग ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात. गाडीवर वीस हजार घालायच्या आधी दोन-तीन हजार घालून कार्ट चालवा. वळणात कुठे ब्रेक सोडायचा, कुठून ॲक्सिलरेटर द्यायचा हे तिथे अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं रस्त्यावर दहा वर्षांत कळत नाही. पुढे हौस टिकली तर कोईम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ श्रीपेरुम्बुदूरच्या बाजूचं ३.७ किलोमीटरचं सर्किट आहे. एफएमएससीआयची (देशातल्या मोटर रेसिंगची अधिकृत संघटना) मान्यता असलेल्या स्पर्धेतच उतरा. तिथे हेल्मेटपासून ॲम्ब्युलन्सपर्यंतची व्यवस्था तपासलेली असते.

गाडी घेतल्या दिवशी एक शंभर पानी वही ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पहिल्या पानावर तारीख, किलोमीटर, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे आणि टायरचे ते चार अंक. पुढे प्रत्येक कामाची एक ओळ. कधी हेड काढायची वेळ आलीच तर उद्यमनगरात येताना ती वही बरोबर आणा.